दंतोपचारांनाही शस्त्रक्रियागृहात ठरलेला वार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, तीव्र अपस्मार किंवा उतारवयातील स्मृतिभ्रंश यांमुळे ज्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत जागेपणी उपचार करून घेता येत नाहीत, अशा रुग्णांच्या दातांवर संपूर्ण भूल देऊन उपचार करण्याविषयी हे पत्र आहे. मी भूलतज्ज्ञ आहे आणि या रुग्णांना भूल देणे हा माझ्या नेहमीच्या कामाचा भाग आहे. ज्या रुग्णालयांत शस्त्रक्रियागृह आणि दंतविभाग दोन्ही आहेत, त्यांनी या उपचारांसाठी शस्त्रक्रियागृहातला एक ठरलेला वार राखून ठेवावा, तो इतर शस्त्रक्रियांइतकाच कसोशीने पाळावा, आणि त्या दिवशी केवळ दुखरा दात काढून रुग्णाला घरी न पाठवता त्याच्या संपूर्ण तोंडाचा उपचार करावा, अशी माझी मागणी आहे. मागणी वेळापत्रकाची असल्यामुळे ती किरकोळ वाटण्याचा संभव आहे. म्हणून ती पुरी न झाल्यास काय घडते ते थोडे विस्ताराने सांगते.

आपल्याला दातदुखी सांगता येते, म्हणून आपण उशिरा का होईना, दंतवैद्याकडे जातो. ज्याला बोलता येत नाही, किंवा बोलता आले तरी नेमके कुठे दुखते हे दाखवता येत नाही, त्याची दातदुखी दुसऱ्याच वाटेने बाहेर पडते. तो घास तोंडात घेऊन तसाच धरून ठेवतो, एकाच बाजूने चावतो, रात्री दचकून उठतो, गालावर बुक्क्या मारून घेतो, डोके भिंतीवर आपटतो, किंवा आजवर शांत असलेला माणूस एकाएकी सांभाळणाऱ्यालाच चावायला धावतो. अशा वेळी घरच्यांचा आणि पुष्कळदा डॉक्टरांचाही पहिला संशय मूळ आजारावर जातो. ‘वय वाढते आहे, आक्रमकपणा वाढणारच’ असे म्हणून वागणूक आवरणाऱ्या औषधाची मात्रा वाढवली जाते आणि दाढेच्या मुळाशी साठलेला पू जिथल्या तिथे राहतो. ज्याची वागणूक अचानक बदलली आहे, अशा रुग्णाचे तोंड, कान आणि पोट तपासल्याखेरीज त्या औषधाची मात्रा वाढवू नये, असे मला ठामपणे वाटते. तोंड उघडूनच देत नसेल तर तोंडाची तपासणी हेच भूल देण्याचे पुरेसे कारण होऊ शकते, हेही येथे नोंदवून ठेवते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसे, म्हणजे दर सहांमागे एक, लक्षणीय स्वरूपाच्या अपंगत्वासह जगत आहेत. आणि ज्या विकारांचा धोका त्यांना इतरांच्या दुप्पट असल्याचे हा अहवाल सांगतो, त्यांत तोंडाच्या आरोग्याचाही समावेश आहे. यांतील बहुसंख्य लोक खुर्चीत बसून उपचार घेऊ शकतात. हे पत्र उरलेल्या थोड्यांविषयी आहे. पण थोडे म्हणजे टक्केवारीने थोडे, एरवी त्यांची संख्या लहान नाही.

त्यांचे दात खराब का होतात, याचे ‘घरच्यांनी दात घासले नाहीत’ हे उत्तर सर्वांना तोंडपाठ असते. ते अपुरे तर आहेच, शिवाय अन्यायाचेही आहे. अपस्मारावरची आणि इतर अनेक औषधे वर्षानुवर्षे गोड पातळ स्वरूपात, बहुधा झोपण्यापूर्वी दिली जातात, आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने ती साखर रात्रभर दातांवर राहते. फेनिटॉइन या अपस्मारावरील जुन्या औषधाने काहींच्या हिरड्या इतक्या वाढतात, की दातांचा बराचसा भाग त्यांखाली झाकला जातो आणि ब्रश तिथवर पोहोचतच नाही. लाळ गळू नये म्हणून दिलेली औषधे आणि मनोविकारांवरची काही औषधे तोंड कोरडे करतात. लाळेचे संरक्षण गेले की कीड झपाट्याने पसरते. सेरेब्रल पाल्सीच्या रुग्णांत पोटातले आम्ल वारंवार वर येते आणि दातांचे कवच जिभेकडच्या बाजूला झिजत जाते, त्यात रात्रंदिवस दात खाण्याची सवय भर घालते. फिट येऊन पडल्याने पुढचे दात तुटतात. डाउन सिंड्रोममध्ये कीड तुलनेने कमी आढळते, पण हिरड्यांचा विकार तरुण वयातच दात हलवू लागतो, कारण तेथे प्रतिकारशक्तीतच फरक असतो. सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट अशी, की जे रुग्ण तोंडाने काहीच खात नाहीत, ज्यांना पोटात घातलेल्या नळीवाटे अन्न दिले जाते, त्यांच्या दातांवर किटण सर्वाधिक साचते. चघळण्याने होणारी सफाईच तेथे होत नाही. गिळणे बिघडलेल्या माणसाच्या तोंडातले हे जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनियाला निमित्त होतात. तेव्हा घरच्यांना बोल लावणाऱ्यांनी आधी औषधांची यादी वाचावी.

अशा प्रत्येक रुग्णाला भूल द्यावीच लागते असे नाही, आणि भूलतज्ज्ञ असूनही, किंवा असल्यामुळेच, मी हे आवर्जून सांगते. घाई न करणारा दंतवैद्य मिळाला, आधीच्या एकदोन भेटींत नुसती खुर्ची, दिवा, आरसा यांची ओळख करून दिली, प्रत्येक वेळी तीच खोली आणि तीच माणसे असली, तर स्वमग्न मुलांपैकी पुष्कळ जण साधे उपचार जागेपणी घेऊ लागतात. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब किडक्या भागावर लावला, तर तो भाग काळा पडतो, पण कीड बऱ्याच वेळा थांबते. त्याला सुई लागत नाही, ड्रिल लागत नाही. दुधाच्या दाढेवर न कोरता, न बधिर करता स्टीलची तयार टोपी दाबून बसवण्याची पद्धत स्कॉटलंडमधील दंतवैद्य नॉर्ना हॉल यांच्या नावाने ओळखली जाते आणि आता अनेक देशांत वापरली जाते. लाफिंग गॅस म्हणून परिचित असलेला नायट्रस ऑक्साइडही उपयोगी पडतो, मात्र तो नाकावरच्या मास्कमधून शांतपणे श्वास घेणाऱ्यालाच. जो मास्क झिडकारतो किंवा ज्याचे नाक कायम चोंदलेले असते त्याला त्याचा लाभ नाही.

याच्या पुढची पायरी गुंगीची, आणि येथे एक गैरसमज दूर करणे भाग आहे. संपूर्ण भुलीपेक्षा गुंगी सौम्य, म्हणून ती नेहमीच अधिक सुरक्षित, असे कुटुंबांना वाटते आणि काही दवाखाने तसे सुचवतातही. दंतोपचारांत तोंडात पाणी फवारले जात असते, दातांचे तुकडे आणि रक्त घशाकडे जात असते. गिळण्याची व खोकण्याची क्रिया आधीच दुबळी असलेल्या रुग्णाला खोल गुंगीत ठेवून, श्वासमार्ग उघडा टाकून तासभर काम करणे, हे श्वासनलिकेत नळी घालून दिलेल्या रीतसर भुलीपेक्षा कितीतरी धोक्याचे ठरू शकते. गुंगी द्यायचीच तर ती देणारा आणि केवळ रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस वेगळा हवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि बालदंतवैद्य यांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सुधारलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचनांत दंतवैद्यकीय ठिकाणी खोल गुंगी वा भूल देताना उपचार करणारा दंतवैद्य आणि भुलीची जबाबदारी असलेली स्वतंत्र, प्रशिक्षित व्यक्ती अशा दोघांची उपस्थिती आवश्यक ठरवली, ती याच कारणाने. राहिला शेवटचा ‘उपाय’, चारपाच जणांनी हातपाय दाबून धरण्याचा. तातडीच्या क्षणी, काही सेकंदांपुरता, तो कधी टाळता येत नसेल. पण एकामागून एक दात भरण्यासाठी जाणत्या वयाच्या माणसाला बांधून ठेवणे मला उपचार वाटत नाही. एकदा तसा अनुभव आलेला रुग्ण पुढे कोणत्याही पांढऱ्या कोटाला तोंड उघडून दाखवत नाही.

भुलीची भीती मात्र खरी आहे आणि ती उडवून लावणे योग्य नाही. लहान मुलांच्या पालकांना २०१६ सालच्या इशाऱ्याची आठवण असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्या वर्षी सांगितले, की तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक लांबलेली किंवा पुनःपुन्हा दिलेली भूल त्यांच्या मेंदूच्या विकासावर परिणाम करू शकते. हा इशारा गांभीर्याने घ्यावा. त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे, की तान्ह्या बाळांना हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेल्या एक तासाहून कमी काळाच्या भुलीची तुलना जागेपणी केवळ शरीराचा तेवढा भाग बधिर करण्याशी करणारा एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास झाला. त्यात सातशेहून अधिक बाळे होती, आणि दोन्ही गटांतील मुलांच्या विकासात पाचव्या वर्षापर्यंत फरक आढळला नाही, असे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर मला त्यांतून एकच व्यवहार्य अर्थ निघताना दिसतो: भूल विनाकारण देऊ नये, आणि द्यायची तर एकाच वेळी इतके काम करावे की ती पुन्हा लवकर द्यावी लागू नये. आज एक दात, सहा महिन्यांनी दुसरा, अशा तुटक उपचारांचा खरा तोटा येथे आहे.

विशेष गरजा असलेल्या रुग्णांत भुलीचे काही धोके वेगळे असतात, पण त्यांतले बहुतेक आधी माहीत होऊ शकतात. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधला सांधा सैल असू शकतो, म्हणून मान फार वाकवायची वा वळवायची नसते. जीभ मोठी, श्वासनलिका अरुंद, आणि सुमारे निम्म्या जणांत जन्मजात हृदयदोष. वायूने भूल देताना त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावण्याचा संभव अधिक असतो. ड्यूशेन स्नायुदुर्बलतेच्या रुग्णाला सक्सामेथोनियम हे स्नायू सैल करणारे औषध देणे जिवावर बेतू शकते, म्हणून ते टाळून शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधांवर भूल चालवावी लागते. व्हॅल्प्रोएट हे अपस्मारावरचे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील, रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट कमी झाल्या असतील तर एकाच वेळी अनेक दात काढणे शहाणपणाचे नाही. हृदयाच्या काही विकारांत दात काढण्यापूर्वी प्रतिजैविकाची एक मात्रा द्यावी लागते. हे सारे भुलीच्या आदल्या आठवड्यात शांतपणे विचारायचे आणि तपासायचे असते. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दारात उभे राहून, घाबरलेल्या रुग्णाच्या शेजारी, ते विचारले जाते तेव्हा काहीतरी निसटण्याचा धोका वाढतो. ठरलेला वार असला म्हणजे ठरलेली पूर्वतपासणीही असते. तात्पुरती जागा मिळाली म्हणून घुसवलेल्या रुग्णाची ती होत नाही.

आमच्या शास्त्राचा इतिहास पाहता दंतोपचारांना शस्त्रक्रियागृहात इतके उपरे ठरवले जावे, हे मला नेहमी विचित्र वाटत आले आहे. डिसेंबर १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःची दाढ काढून घेणारे होरेस वेल्स दंतवैद्य होते, आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवणारे विल्यम मॉर्टनही दंतवैद्यच. त्यानंतरच्या काळात दातांसाठीची भूल खुर्चीतच, घाईघाईने आणि कधी दंतवैद्यानेच देण्याची प्रथा पडली आणि तिच्यामुळे मृत्यूही झाले. ब्रिटनने २००१ च्या अखेरीस रुग्णालयाबाहेर दातांसाठी संपूर्ण भूल देणे बंद केले. तो निर्णय मला योग्य वाटतो. मात्र दवाखान्याचे दार बंद करताना रुग्णालयाचे दार तितकेच उघडावे लागते, नाहीतर सुरक्षिततेच्या नावाखाली रांगच लांबते.

रुग्णालयाचे दार उघडत नाही याची कारणे फारशी गूढ नाहीत. दंतविभागाला स्वतःचे शस्त्रक्रियागृह नसते. भूलतज्ज्ञ दुसऱ्या विभागाचा, परिचारिका तिसऱ्या विभागाची. दंतोपचार ‘तातडीचे नाहीत’ या वर्गात टाकलेले असतात, त्यामुळे यादी लांबली की पहिली काट त्यांवर बसते. एका रुग्णाला दोन-तीन तास लागतात, आणि त्या वेळात दुसऱ्या चार लहान शस्त्रक्रिया होतात, असा हिशेब मांडला जातो. अनेक देशांत दंतवैद्यकाचा खर्च इतर वैद्यकीय खर्चापासून वेगळा धरला जातो, त्यामुळे दात दंतविम्यात आणि भूल वैद्यकीय विम्यात, अशी ओढाताण होते व दोन्हीकडून नकार येऊ शकतो. मुलांसाठी काही सोय असलीच तर ती वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास संपते. बौद्धिक अक्षमता मात्र वाढदिवसाला संपत नाही. चाळिशीतल्या, दणकट शरीराच्या, स्वमग्न पुरुषाला दाढदुखी झाली तर त्याला कोणत्या विभागात पाठवायचे, याचे उत्तर अनेक मोठ्या रुग्णालयांकडेही नसते. बालदंतवैद्य म्हणतो हा मोठा, इतर दंतवैद्य म्हणतात हे आमच्याने होणार नाही. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये अशा रुग्णांच्या दंतोपचारांना स्वतंत्र विशेषज्ञतेचा दर्जा मिळाला, तो बव्हंशी या मधल्या पोकळीमुळेच.

‘तातडीचे नाही’ हा शिक्का कशाच्या आधारे मारला जातो, हे एकदा तपासायला हवे. चेहऱ्यावर सूज चढली, ताप आला, गिळता येईना, की तोच रुग्ण तातडीचा ठरतो, आणि मग मध्यरात्री, भरल्या पोटी, पूर्वतपासणीशिवाय, सुजलेल्या जबड्यामुळे तोंड उघडत नसताना त्याला भूल द्यावी लागते. भूलतज्ज्ञाच्या दृष्टीने याहून वाईट परिस्थिती थोड्याच असतात. आधीच्या महिन्यांत ठरल्या वारी दोन तास दिले असते तर हा प्रसंग आला नसता. या मधल्या महिन्यांत प्रतिजैविकांचे किती कोर्स झाले, किती रात्री घरातले कोणी झोपले नाही, याची नोंद शस्त्रक्रियागृहाच्या हिशेबात कुठेच नसते.

आता संपूर्ण तोंडाच्या उपचाराविषयी. जागेपणी ज्याचे तोंड उघडून पाहता आले नाही, त्याच्या दातांचे एक्स-रे भूल दिल्यानंतरच निघतात. म्हणजे खरा आराखडा रुग्ण झोपल्यावर ठरतो. श्वासासाठीची नळी एका नाकपुडीतून घातलेली असते, म्हणजे तोंड कामाला मोकळे राहते. घशात गॉजचा बोळा ठेवलेला असतो, आणि तो ठेवल्याची व काढल्याची नोंद शस्त्रक्रियेतल्या इतर गॉजप्रमाणेच सर्वांदेखत झाली पाहिजे, कारण विसरलेला बोळा जागे होताना श्वास कोंडू शकतो. त्यानंतर किटण काढणे, किडके दात भरणे, एकाच बैठकीत पूर्ण होणारे रूट कॅनाल, दाढांवर स्टीलच्या टोप्या, निरोगी दाढांच्या खाचा बुजवणे, जे वाचणार नाहीत ते दात काढणे, शेवटी फ्लोराइडचा लेप, असे सारे एका भुलीत होऊ शकते. ते होत नाही, कारण वेळ तासाभराचाच दिलेला असतो. आणि तासाभरात जलद होणारे काम म्हणजे दात उपटणे. पुन्हा भूल द्यावी लागू नये म्हणून शंकास्पद दातही काढून टाकावा, हा युक्तिवाद काही प्रसंगी बरोबर असतो, ज्याची निगा राखणे घरी अशक्य आहे अशा दातावर गुंतागुंतीचे काम करण्यात अर्थ नसतो, हे मीही मान्य करते. परंतु या रुग्णांपैकी अनेकांना नंतर कवळी वापरता येत नाही: फिट आली तर ती घशात जाऊ शकते, आणि तोंडातली परकी वस्तू स्वमग्न माणूस काढून फेकतो. इतरांच्या बाबतीत काढलेल्या दाताला पर्याय असतो, यांच्या बाबतीत तो बहुधा नसतोच. म्हणून ज्याला दात वाचवून घेण्याचा हट्ट धरता येत नाही, त्याच्यासाठी दात वाचवण्याचा प्रयत्न उलट अधिक व्हायला हवा. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचे पंचविसावे कलम इतरांना मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा देण्यास सांगते. समोरचा दात निव्वळ वेळ नाही म्हणून काढणे त्या दर्जात कसे बसते, हे मला उमगलेले नाही.

संमतीपत्राचा प्रश्न याला जोडूनच येतो. आराखडा भुलीनंतर ठरणार असेल तर ‘आवश्यक ते दंतोपचार’ एवढ्या एका ओळीवर सही घेणे पुरेसे नाही. कोणते दात वाचवण्याचा प्रयत्न करावा, पुढचा दात काढण्याची वेळ आली तर मध्येच बाहेर येऊन विचारावे का, किती वेळपर्यंत भूल लांबवावी, हे आधी बोलले गेले पाहिजे. रुग्ण सज्ञान असेल तर त्याच्याशीही बोलावे, चित्रे दाखवून, खुणांनी, जमेल तसे. त्याला सगळे कळणार नाही हे खरे. पण सगळे कळत नाही म्हणून काहीच सांगायचे नाही, ही पद्धत बरी नव्हे.

एका भुलीचा पुरेपूर उपयोग करून घेण्याची आणखी एक बाजू आहे आणि तिच्याकडे फार थोडी रुग्णालये लक्ष देतात. जो माणूस दात दाखवत नाही तो बहुधा कान, डोळे, नखे, रक्तासाठी हात, यांपैकी काहीच दाखवत नाही. वर्षानुवर्षे रक्ततपासणी झालेली नसते, अपस्मारावरच्या औषधाचे रक्तातील प्रमाण पाहिलेले नसते, कान मळाने भरलेले असतात, लस राहिलेली असते, स्त्रियांची स्त्रीरोगविषयक तपासणी कधीच झालेली नसते. कुटुंबाला आधी विचारून, संबंधित डॉक्टरांना आधी कळवून, रीतसर संमती घेऊन ही कामे त्याच भुलीत करता येतात. त्यासाठी चार विभागांना एकच दिवस माहीत असावा लागतो. यादीत ऐन वेळी कोंबलेल्या रुग्णासाठी कानाचा डॉक्टर कुठून येणार?

भुलीच्या दिवसाविषयी कुटुंबांसाठी दोन गोष्टी. साधारण नियम असा, की हलका आहार व इतर दूध भुलीच्या सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि स्वच्छ पाणी दोन तास आधी थांबवावे. ‘रात्री बारानंतर काही नाही’ हा सरसकट आदेश दिला गेला तर तो का, हे विचारावे. ज्याला उपवासाचे कारण समजत नाही त्याला तासन्‌तास तहानलेले ठेवणे क्रूरपणाचे आहे. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. उपाशी राहायचे म्हणून अपस्माराची सकाळची गोळी चुकवू नये. ती घोटभर पाण्याबरोबर घ्यायची असते, आणि तसे भूलतज्ज्ञाकडून आधीच निश्चित करून घ्यावे. गोळी चुकल्याने भुलीच्या दिवशी फिट येणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे.

रुग्णालयांनी करण्याच्या गोष्टींना पैसा लागत नाही, लागतो तो थोडा विचार. अशा रुग्णाचा क्रमांक यादीत पहिला ठेवावा. गजबजलेल्या प्रतीक्षालयाऐवजी कोपऱ्यातली एखादी खोली द्यावी. आवश्यक असल्यास मिडाझोलामसारखे गुंगी आणणारे औषध पाजून थोडा वेळ जाऊ द्यावा, सुईच्या जागी आधी बधिर करणारे मलम लावावे, किंवा वायूचा मास्क त्याच्याच हातात देऊन पाहावे. झोप लागेपर्यंत ओळखीचे माणूस जवळ असू द्यावे आणि जागे होताना तेच माणूस समोर असावे, कारण भुलीतून बाहेर येतानाचा गोंधळ या रुग्णांत अधिक तीव्र असू शकतो. वेदना कमी व्हाव्यात म्हणून भुलीतही दाताजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात, पण बधिर झालेला ओठ काही रुग्ण रक्त येईपर्यंत चावत राहतात. पहिले काही तास यावर नजर ठेवणे घरच्यांना सांगितलेले असावे. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जाऊ शकतात आणि अनोळखी खाटेवर रात्र काढण्यापेक्षा ते बरेच असते.

दुरुस्त केलेले तोंड तसेच राहील असे गृहीत धरणे हा मात्र मोठा भ्रम आहे. ज्या कारणांनी कीड लागली ती कारणे भुलीने जात नाहीत, आणि भुलीखाली सारे दात नीट केल्यानंतर पुन्हा कीड लागलेले रुग्ण दंतवैद्यांना सर्रास भेटतात. गोड औषधांना बिनसाखरेचा पर्याय आहे का हे विचारणे, दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप, गिळण्याची अडचण असलेल्यासाठी फेस न होणारी पेस्ट, मागे उभे राहून हनुवटीला आधार देत दात घासण्याची पद्धत, तिन्ही बाजूंनी एकदम घासणारा ब्रश, हे सर्व शिकवायला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास भुलीच्या आधीच्या भेटीत द्यावा, कारण उपचारानंतर घरी निघालेल्या थकल्या कुटुंबाच्या कानावरून ते सारे निघून जाते. आणि ज्या दिवशी भुलीची तारीख दिली जाते त्याच दिवशी, त्याच कागदावर, तीन महिन्यांनंतरच्या तपासणीचीही तारीख लिहून द्यावी. तिला रुग्ण आला नाही तर दंतविभागाने फोन करून विचारावे.

आपली विश्वासू,
एक भूलतज्ज्ञ